दुधापर्यंत आलात तर कळवा

प्लेटलेट वाढवणारी गोळी मंगळवारी सकाळी स्वतःच पोतनिसांच्या घरी आली, आणि बाळाला बघितल्याशिवाय मी कुणाच्याही पोटात जाणार नाही, असं तिने दारातच सांगितलं.

हेमांगीने तिला आत घेतलं. सोफा फारच मोठा पडला असता, म्हणून खुर्चीवर नॅपकिनची घडी ठेवून तीवर बसवलं. हेमांगीला बाळंत होऊन दीड महिना झाला होता. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई, बाळाला घेतलं की दंडावर काळेनिळे डाग उठत. गोळी घ्यायलाच हवी, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. अंगावर पाजायचं की नाही, यावर मात्र त्या म्हणाल्या होत्या, "ते गोळीशीच बोलून घ्या."

आल्यागेल्याला नुसतं बसवणं सासूबाईंना, म्हणजे शैलजाबाईंना, जमत नाही. त्यांनी केशर घातलेलं दूध आणलं. गोळी घाईघाईने मागे सरकली.

"काकू, दूध नको. पोटात दुधाशी गाठ पडली की माझ्या हातून काही काम होत नाही."

"मग चहा टाकू?"

"त्यातही दूधच की. साधं पाणी चालेल."

शैलजाबाईंचा चेहरा पडला, हेमांगीचा खुलला.

"तुमचं दुधाशी पटतच नाही, तर माझ्या दुधात कशाला जाल तुम्ही?"

"पोटातलं वेगळं, ताई. एकदा रक्तात मिसळले की मला कोण कुठे नेईल, ते माझ्या हातात नसतं."

"आजवर कुणा पाजणाऱ्या बाईकडे गेला होतात?"

"गेले असेन. कुणी नीट बघितलंच नाही. बाळाला काही होणार नाही असं मी म्हणणार नाही, आणि होईल असंही नाही. खोटं कशाला बोलू?"

हेमांगीला संताप आला. असला खरेपणा घेऊन काय चाटायचाय! ती बाळाला घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. पाळण्यात ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. गोळी आपली खुर्चीवर अवघडून बसलेली.

दुपारी हेमांगीच्या नाकातून रक्त आलं आणि थांबेना. शैलजाबाईंनी पदर लावला, तो भिजला.

"बास झालं आता," त्या म्हणाल्या. "तूच राहिली नाहीस, तर त्या दुधाचं काय करायचंय त्याला?"

रक्त कसंबसं थांबल्यावर हेमांगी बाळाला शेवटचं पाजायला बसली. गोळीने आपणहून पाठ फिरवली. गोल गोळीची पाठ कोणती, हे कुणी विचारलं नाही. बाळ पोटभर प्यायलं आणि झोपलं.

निघणाऱ्या पाहुणीला शैलजाबाईंनी रीतसर हळदीकुंकू लावलं. "पोचल्यावर कळवा हं."

"आणि दुधापर्यंत आलात, तर तेही कळवा," पाण्याचा पेला हातात घेऊन हेमांगी म्हणाली. "लपवू नका."

"शब्द देते," गोळी म्हणाली, आणि घोटाबरोबर आत गेली.

थोड्या वेळाने पोटातून "पोचले" असा निरोप आला. पुढे मात्र काहीच नाही.

संध्याकाळी बाळ भुकेने किंचाळत उठलं. हेमांगीचा गाऊन दोन्हीकडून ओला झाला. तिने वरचं बटण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. एवढा वेळ झाला, त्या अर्थी गोळी इकडे फिरकलीच नसेल. बाळ तोंड उघडून शोधत होतं. तिने त्याला जवळ घेतलं.

"ताई," डाव्या छातीतून दबका आवाज आला. "आले मी इथवर. थोडीशीच आहे. पण आले."

हेमांगीने बाळ शैलजाबाईंच्या मांडीवर दिलं.

"कळवलंत, बरं केलंत," शैलजाबाई तिच्या छातीकडे बघून म्हणाल्या आणि पावडरचं दूध कालवून वाटी-चमचा घेऊन बसल्या. पहिला चमचा बाळाने बाहेर काढला. दुसराही. हेमांगीला ते बघवेना. तिने पाठ फिरवली आणि बटणं गळ्यापर्यंत लावली.

मागे बाळाचं रडणं हळूहळू थांबलं.

"पितंय का हो?" आतून गोळीने विचारलं.

"पितंय," हेमांगी म्हणाली.