बूटवाल्यांचा टाइम

"प्रदर्शनात कसं वागायचं ते तू मला शिकवू नकोस! तीस वर्षं लोकांच्या पायांशी बसून काढलीत मी. आज त्या कंपनीची एजन्सी खिशात घालूनच बाहेर पडतो की नाही बघ!"

बूटवाल्यांनी प्रदर्शनाच्या दारातच हे इतक्या जोरात ठणकावलं, की तिकीट तपासणाऱ्याने दचकून त्यांचं तिकीट दोनदा फाडलं.

"शिकवत नाही हो," काकू म्हणाल्या. "एवढंच म्हणते, जरा कमी बोला."

काकू म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची आणि यांना बूटवाले. गल्लीत त्यांचं चपला-बुटांचं जुनं दुकान होतं. बरं चाललं होतं. पण गेल्या वर्षी समोरच एक काचेचं दुमजली दुकान उघडलं आणि नुसते धावायचे बूट विकू लागलं! बघता बघता गल्लीतली सगळी तरुण पावलं तिकडे वळली. बूटवाल्यांनी ज्यांच्या पायात पहिला बूट चढवला होता, तीच मुलं आता त्यांच्या डोळ्यांदेखत समोरच्या पिशव्या मिरवत जायची. बूटवाल्यांना ते फार लागलं होतं. आणि अशात बातमी आली, की धावण्याच्या धंद्याचं मोठं प्रदर्शन भरतंय, आणि एक नवी बूट-कंपनी त्यांच्या भागासाठी एकच दुकान निवडणार आहे. बूटवाल्यांनी ठेवणीतला कोट बाहेर काढला.

आत गेल्यावर त्यांना पहिला धक्का बसला. अख्ख्या हॉलमध्ये पोट असलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे ते स्वतः! बाकी सगळे उन्हात वाळत घातल्यासारखे सडसडीत. कोणी टूथपेस्टसारखं काहीतरी थेट तोंडात पिळून गिळत होतं. एक बाई भिंतीला भोक पाडायच्या यंत्रासारखं यंत्र स्वतःच्या पोटरीवर चालवत होत्या, आणि चेहऱ्यावर काय ते समाधान!

"हे लोक बरे आहेत ना गं?" बूटवाल्यांनी हळूच विचारलं.

पण काकू केव्हाच मोज्यांच्या स्टॉलकडे वळल्या होत्या.

बूटवाले एकटेच पुढे निघाले. बुटात घालायच्या पातळ गाद्या विकणारा एक काटकुळा माणूस स्टॉलच्या बाहेर आला, त्यांचा हात हातात घेऊन घुसळला आणि म्हणाला, "या या! तुमचा टाइम काय?"

बूटवाल्यांना वाटलं, बिचाऱ्याचं घड्याळ बंद पडलेलं दिसतंय. त्यांनी कोटाची बाही वर केली.

"माझा दोन अठ्ठावीस. पण दोन मिनिटं पुढे आहे, तेव्हा खरा दोन सव्वीसच धरा!"

काटकुळ्याचा आ वासला तो वासलाच.

आता बूटवाल्यांना काय ठाऊक, की या मंडळींत टाइम म्हणजे मॅरेथॉनचा टाइम! बेचाळीस किलोमीटर धावायला किती वेळ लागला, तो. तिथे चार तासांत पोचणारा कॉलर ताठ करून फिरतो. तीन तासांवाल्याला लोक वाट करून देतात. आणि हा कोटातला, टक्कल पडलेला, पंचावन्नचा माणूस म्हणतो, दोन तास सव्वीस मिनिटं!

"दोन सव्वीस?" काटकुळा किंचाळला. "या वयात? या... या पोटासकट?"

"पोटाचा काय संबंध?" बूटवाले जरा दुखावून म्हणाले आणि पुढे चालू लागले.

पण बातमी त्यांच्यापुढे धावत गेली. या स्टॉलवरून त्या स्टॉलवर माना वळू लागल्या. "दोन सव्वीस! ते बघ, कोटवाले!" "पोट घेऊन दोन सव्वीस, मग उतरवून काय होईल?" एका तरुणाने तर येऊन त्यांच्या पायांचाच फोटो काढला. बूटवाल्यांना वाटलं, काय अगत्याची माणसं आहेत! उगाच मनात किंतु आणला आपण.

हॉलच्या मधोमध त्या नव्या कंपनीचा स्टॉल होता. तिथे छोटं स्टेज, स्टेजवर ट्रेडमिल आणि बाजूला कंपनीच्या मोठ्या मॅडम. उंच, शिडशिडीत, अंगात कंपनीचा शर्ट, पायात कंपनीचे नारिंगी बूट. एजन्सी द्यायची की नाही, ते या एकट्या बाईंच्या हातात. बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली होतीच. बूटवाल्यांना बघताच त्या लगबगीने खाली उतरल्या.

"ऐकलं ते खरं का? तुमचं दुकानही आहे म्हणे! आठवड्याला किती होतात?"

मॅडम विचारत होत्या धावण्याचे किलोमीटर, बूटवाल्यांच्या मनात आले विकलेले जोड. ते खुलले.

"ऐंशी-नव्वद कुठे गेले नाहीत! सिझनला दीडशेवर जातात."

"दीडशे?" मॅडमचे डोळे विस्फारले. "एकट्याने?"

"छे! घरची असते ना सोबत. खरं सांगू? तिचे माझ्याहून जास्त होतात."

"बाप रे! मग इतकं झाल्यावर काही त्रास?"

"होतो की. खोटं कशाला बोलू? मधूनच सोल निघतो."

मॅडमनी नकळत आपला एक पाय उचलला. "सोल? अख्खा?"

"अख्खा! मग काय, चिकटवायचा, वरून चार टाके मारायचे, की दुसऱ्या दिवशी परत रस्त्यावर!"

मॅडमनी टेबलाचा आधार घेतला. तेवढ्यात स्टेजवरच्या निवेदकाच्या हाताला माइक लागला, आणि तिथून पुढे बूटवाल्यांच्या हातात काहीच उरलं नाही.

"मित्रहो! आज आपल्यात एक अवलिया आला आहे! टाइम दोन सव्वीस! आणि आत्ता, तुमच्यासमोर, आपले नवे बूट घालून ते धावणार आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बूटवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की सगळे आपल्याकडेच बघतायत!

"अहो, काहीतरी घोटाळा होतोय," ते पुटपुटले. "मी कुठला धावणारा..."

"बघा, किती विनय!" निवेदक माइकवर गहिवरला.

तेवढ्यात मॅडम कानाशी वाकल्या. "एवढं झालं, की लगेच करारावर सह्या करू. दुसऱ्या कुठल्या दुकानाचा मी विचारही करणार नाही."

बूटवाल्यांच्या डोळ्यांसमोर ते काचेचं दुमजली दुकान उभं राहिलं. या कंपनीच्या नारिंगी पिशव्या आपल्या दुकानातून बाहेर पडतायत, असंही त्यांना दिसलं. त्यांनी कोट काढून ठेवला. कोणीतरी त्यांच्या पायांत बूट चढवले, कोणीतरी त्यांना ट्रेडमिलवर उभं केलं. चार पावलं चालायचं तर आहे, त्यांनी मनाला समजावलं.

"वेग तुमचा नेहमीचाच ठेवू ना?" निवेदकाने विचारलं.

"हो हो, नेहमीचाच!" बूटवाले घाईने म्हणाले. त्यांचा नेहमीचा वेग म्हणजे दुकानातून समोरच्या टपरीवर चहाला जायचा.

निवेदकाने मनातल्या मनात हिशेब केला. बेचाळीस किलोमीटर, दोन तास सव्वीस मिनिटं. आणि त्याने यंत्राचा आकडा ताशी सतरावर नेऊन ठेवला!

सुरुवातीला पट्टा नुसता गुणगुणला. "हे बरंय की," असं बूटवाले म्हणालेसुद्धा. मग पट्ट्याने सूर बदलला. पाय मागे जायला लागले, पोट पुढेच राहिलं आणि मधले बूटवाले दोन्हीकडून ताणले गेले! त्यांनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला. त्यांचे पाय आता दिसेनासे झाले होते, जागेवर नुसती नारिंगी धूसर रेघ!

"काय ती लय!" खालून कोणीतरी ओरडलं.

"थांबवा!" बूटवाले ओरडले.

"काय म्हणतायत?"

"वाढवा म्हणतायत!"

निवेदकाने वाढवला.

पुढे जे झालं ते डोळ्यांची पापणी लवायच्या आत झालं. बूटवाल्यांचे हात दांड्यावरून सुटले, आणि ते मागच्या मागे, उभेच्या उभे, प्रेक्षकांना जणू निरोप देत निघाले. स्टेज संपलं. बूटवाले संपले नाहीत! ते थेट काटकुळ्याच्या स्टॉलवर जाऊन आदळले. तिथे छतापर्यंत रचलेल्या गाद्यांचे खोके धडाधड कोसळले, आणि हजारभर गाद्या हवेत उडून संथपणे सगळ्यांच्या डोक्यांवर उतरल्या.

हॉलमध्ये चिडीचूप. पोटरीवाल्या बाईंचं यंत्रसुद्धा बंद पडलं.

"अहो!" मोज्यांचे तीन जोड हातात घेऊन काकू गर्दीतून वाट काढत आल्या. "अहो, हे काय? यांना पळवलं कोणी? हे माणूस घरचा जिना चढताना दोनदा बसतं!"

काटकुळा गाद्यांच्या ढिगातून डोकं वर काढत म्हणाला, "पण ते दोन सव्वीस?"

"घड्याळात वाजले होते हो!" ढिगाच्या तळातून बूटवाल्यांचा आवाज आला. "तुम्ही टाइम विचारलात, मी सांगितला! मी आयुष्यात कधी बससाठीसुद्धा धावलेलो नाही!"

इतक्या माणसांनी एकदम श्वास आत घेतलेला कोणी ऐकला नसेल. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. गेली एजन्सी, बूटवाल्यांच्या मनात आलं, आणि त्यांना ढिगातून बाहेरच येऊ नये असं वाटलं.

"आणि ते आठवड्याला ऐंशी-नव्वद?" मॅडमनी सावकाश विचारलं.

"जोड! बुटांचे जोड! विकलेले!"

मॅडम पुन्हा चकित. "एका छोट्या दुकानात? आठवड्याला?" त्या भारावून म्हणाल्या. "ऐंशी किलोमीटर धावणारे इथे पायलीचे पन्नास आहेत. पण ऐंशी जोड विकणारं छोटं दुकान..."

बूटवाल्यांनी आशेने मुंडकं बाहेर काढलं.

"त्यातले साठ शाळेचे काळे असतात," काकूंनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. "उरलेल्या घरात घालायच्या चपला."

बूटवाल्यांनी मुंडकं परत आत घेतलं.

पण काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या मॅडमच्या पायांकडे टक लावून बघत होत्या. मग सगळ्यांच्या देखत त्या खाली बसल्या आणि त्यांनी मॅडमच्या नारिंगी बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं.

"नखं काळी पडतात ना हो तुमची?"

मॅडमनी पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण काकूंनी टाच धरून ठेवली.

"हा बूट तुम्हाला अर्धा नंबर लहान आहे," काकू म्हणाल्या. "धावताना पाय फुगतो, बोटांना पुढे जागा लागते. नंबर घेताना कोणी उभं करून, दोन फेऱ्या मारायला लावून बघितलं नाही का तुम्हाला?"

"दोन वर्षं," मॅडम खोल आवाजात म्हणाल्या. "दोन वर्षं माझी नखं जातायत. मला वाटायचं, धावणाऱ्यांची जातातच!"

आपल्याच कंपनीच्या मोठ्या मॅडम आपलाच बूट चुकीच्या नंबराचा घालतात, हे ऐकून निवेदकाच्या हातून माइक पडला. अर्धा नंबर मोठा जोड आला. काकूंनी स्वतः नाड्या बांधल्या आणि मॅडमना हॉलला दोन फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या फेरीवरून परत येताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. कराराचा कागद त्यांनी तिथेच मागवला आणि मालकाच्या रकान्यात काकूंची सही घेतली. बूटवाले तेव्हा गाद्यांवर आडवे पडून घोट्याला बर्फ लावून घेत होते. त्यांची सही साक्षीदार म्हणून घेतली.

घोटा चांगलाच मुरगळला होता. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि कागदावर लिहून दिलं, सहा आठवडे धावायचं नाही.

आता दुकानात नारिंगी बुटांची नवी मांडणी आहे. समोरच्या काचेच्या दुकानात जाणारी तरुण मुलं कुतूहलाने आत डोकावतात. काकू त्यांना फेऱ्या मारायला लावतात. गल्ल्यामागच्या खुर्चीत पाय वर करून बसलेल्या बूटवाल्यांना एखादा विचारतो, "काका, तुम्हीपण धावता का?"

बूटवाले डॉक्टरांचा कागद खिशातून काढतात, उसासा टाकतात आणि आधी काकू ऐकत नाहीत ना ते बघून घेतात.

"सध्या बंद आहे हो माझं. डॉक्टर सोडतच नाहीत!"