बिट्टीच्या मुलाखतीची शांतता

बिट्टीची मुलाखत अकराला होती आणि मावशीने सकाळपासून घरात शांतता पाळायला घेतली होती. दाराच्या बेलची वायर तिने काढून ठेवली. कुकर लावला नाही. बाल्कनीचं सरकतं दार किरकिरतं म्हणून त्याच्या खाचेत आणि कडीत शिवणयंत्राचं तेल सोडलं. शेवटी, आपल्या कानातलं यंत्र मधूनच शिट्टी मारतं हे आठवून तेही काढून डबीत घातलं आणि ती आतल्या खोलीत दार लावून बसली.

भाची लहानपणी खिसे भरभरून बिया घरी आणायची, म्हणून तिचं नाव बिट्टी पडलं. पुढे जंगलावर पीएचडी केली तरी ते काही सुटलं नाही. आईवडील गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं, लोकांचे कपडे शिवून शिकवलं. झाडांखाली गळणाऱ्या बिया झेलायला बिट्टीला जाळीच्या झोळ्या लागत, त्याही मावशीच्याच मशीनवर झाल्या. आता एका बेटावर पोस्टडॉकची जागा निघाली होती. वादळाने तिथलं अर्धं जंगल आडवं केलं होतं. कुठले पक्षी कुठली बी कुठे टाकतात आणि त्यातून नवं जंगल कसं उभं राहतं, हे दोन वर्षं तिथे राहून बघायचं होतं. पोस्टडॉक म्हणजे काय, असं शेजारणीने विचारलं तेव्हा मावशीने सांगून टाकलं की, शिक्षण संपल्यावरचं शिक्षण. जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा पानावर बसवतात, तसं.

अशी एक संधी मागे बिट्टीच्या हातात आली होती. मावशीला एकटं टाकून जाणं जिवावर आलं म्हणून तिने ती गुपचूप नाकारली आणि घरी सांगितलं, निवड झाली नाही. यावेळी अर्ज केला खरा, पण मन अजून उंबरठ्यावरच होतं.

लॅपटॉप टेबलावर लावून ती खुर्चीत बसते न बसते, तोच तळमजल्यावरच्या वेल्डरने लोखंड कापायला घेतलं. ती बाल्कनीत धावली आणि आवाज आत जाऊ नये म्हणून दार मागे ओढून घेतलं. तेल प्यालेलं दार लोण्यासारखं सरकलं. आतली कडी टक्कन पडली.

वेल्डर बिचारा भला माणूस. तिने विनंती केल्याबरोबर त्याने मशीन बंद केलं. बिट्टीने आभार मानले, वळली, दार ओढलं. मग पुन्हा ओढलं. फोन आत टेबलावर होता. तिने काचेवर थापा मारल्या, पण ज्या कानांसाठी मारल्या ते डबीत होते.

तेवढ्यात लॅपटॉपचा पडदा उजळला आणि त्यावर तीन चेहरे आले. रिकाम्या खुर्चीच्या मागे, काचेपलीकडे त्यांना उमेदवार दिसत होती: वर इस्त्रीचा काळा कोट आणि खाली, कॅमेऱ्यात येणार नाही या भरवशावर घातलेला, फुलाफुलांचा विटका पायजमा. बिट्टीने हात हलवला. तिघांनीही हलवला.

ती कठड्यावरून वाकून वेल्डरला हाक मारू लागली. त्याचा वेगळाच समज झाला.

"ताई, काय असेल ते बोलून मोकळ्या व्हा," तो खालून हात जोडून म्हणाला. "पण उडी नको."

उडी नको, शिडी हवी आहे, हे त्याला पटवण्यात थोडा वेळ गेला. मग त्याने शिडी लावली, घट्ट धरली आणि सभ्यपणे मान दुसरीकडे वळवली. बिट्टी उतरली आणि जिना चढून घराच्या दाराशी आली. बेल दाबली. वायर काढलेली. दार बडवलं. व्यर्थ.

आत काय चाललं होतं ते तिला नंतर कळलं. मुलाखत कशी चाललीय ते बघायला मावशीने डोकावलं, तर खुर्ची रिकामी आणि तीन माणसं ताटकळलेली. आलेल्या माणसांना एकटं कसं सोडायचं? ती खुर्चीत बसली. त्यांनी बोटांनी मागे बघायला सांगितलं. मावशीने बघितलं, बाल्कनीत फक्त कुंड्या होत्या. झाडं तिचीच आहेत, असं तिने अभिमानाने सांगितलं आणि पुढे जे सांगायचं मनात होतं तेही सांगून टाकलं. अखेर त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत 'दार उघडा' असं लिहून धरलं. त्यांना बाल्कनीचं म्हणायचं होतं. मावशीने जाऊन घराचं उघडलं, तर समोर बिट्टी, मूठ उगारून.

धापा टाकत ती खुर्चीत बसली आणि माफी मागू लागली. समितीच्या प्रमुख बाईंनी तिला थांबवलं.

"बेटावर अडकून पडलात तर काय कराल, हा आमचा पहिला प्रश्न होता. तो आता नको."

पुढे बियांवर, पक्ष्यांवर, वादळावर बरंच बोलणं झालं. बिट्टी रंगून बोलली, पायजमाही विसरली. शेवटी बाई म्हणाल्या, "मागची जागा तुम्ही मावशींसाठी सोडलीत, असं त्या म्हणाल्या."

बिट्टीने दचकून मागे पाहिलं. मावशी कानात यंत्र बसवून मागेच उभी होती.

"त्या लोकांचा फोन मीच उचलला होता," मावशी म्हणाली. "ते बिचारे विचारत होते, जागेला 'नाही' का म्हणताय? मी काय सांगणार?"

बाई समजूतदार होत्या. बेटावर कुटुंबाला राहायला खोली मिळते, मावशींनाही आणा, असं त्यांनी सुचवलं. मावशीने तिथे शेजारी कोण, एवढंच विचारलं. कासवं, असं उत्तर आलं.

"मग नको. मला बोलणारं माणूस लागतं." आणि बिट्टीकडे वळून म्हणाली, "तू माझी काळजी करत बसलीस आणि मी तुझी खोली कधी मोकळी होते याची वाट बघत बसले. कपडे बेतायला मोठं टेबल टाकायचंय गं मला. शिकायला यायचं म्हणून चार बायका थांबल्यात."

समितीतला एक जण तोंडावर हात धरून हसला. बिट्टीही हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

निवड झाल्याचं संध्याकाळीच कळलं. आधी ती खाली जाऊन वेल्डरचे आभार मानून आली. वर आली तेव्हा मावशी गळ्यात मापाची टेप अडकवून तिच्या खोलीत उभी होती. आजच टेबलासाठी भिंत मोजायला घेतली की काय, असं वाटून बिट्टीच्या मनाला क्षणभर लागलं.

"हात वर कर," मावशी म्हणाली. "बेटावर वारा फार असतो म्हणे. चांगलं जाड जाकीट शिवते."

बिट्टीने मुकाट्याने हात वर केले.