शेवटल्या सिरिंजची मोहीम

बालमंडळी यांणी पुसिले जे, आमच्या आत्याबाई रोज प्रयोगशाळेत जाऊन नेमके काय करितात. त्यावरून जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लाविता, लेहून दिल्हे आहे. सावकाश वाचावे. अडेल तेथे पुसावे. पुसणारास या दफ्तरी दंड नाही.

प्रथम मुलूख समजोन घ्यावा. देहातील मऊ मांस फाटले, तर नव्या पेशींस धरून वाढावयास मांडव लागतो, जैसा दोडक्याचे वेलास. तो मांडव आत्याबाई विणितात. पॉलिमरचा पाक सिरिंजमध्ये भरावा, सुईस पंधरा हजार व्होल्टचा धाक घालावा, मग टोकावरोन धार सुटते, हवेत सापासारखी वळवळते, वाटेतच सुकते, आणि समोरील फिरत्या पिंपावर तंतू होऊन बसते. तंतू किती बारीक? आपले एक केसाचे उभे शंभर भाग करा. त्यांतील एक भागही यापुढे दोरखंड. मात्र धार वाटेत न सुकली, तर तंतूंचे ठायी गाठीच गाठी, आणि गाठीवर पेशी नांदत नाहीत.

ते दिवशी नौबत ऐसी की, तीन आठवडे पोसिलेल्या पेशी पाच वाजेतोवर मांडवावर चढविणे प्राप्त. न चढविता त्या वाया, आणि आत्याबाईंचा प्रबंध सहा महिने मागे. पाक उरला तीन सिरिंज.

सकाळी पहिली सिरिंज लाविली आणि तंतू सुरेख बसो लागले. तेव्हा राजमान्य राजेश्री सरसाहेब, आत्याबाईंचे मार्गदर्शक, बेहद्द खुश होऊन, त्या प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे, सर्वांस पाहावयास बोलाविते जाहले. यंत्रवाले काका आले, आणि शेजारील टेबलावरील दादा आले, आणि पेशी सांभाळणाऱ्या वहिनी आल्या, आणि मग आणीक सहा असामी. खोली न्हाणीघराएवढी. वाऱ्याने धार भरकटते म्हणोन पंखा बंद, एसी बंद, दार बंद. पाहता पाहता पिंपावर गाठी उमटल्या.

मग मसलत बसली. सरसाहेबांनी व्होल्ट वाढविण्याचा हुकूम केला. काकांनी सुई मागे हटविली. दुसरी सिरिंज खर्ची पडली आणि गाठी दुप्पट जाहल्या.

दादा बोलिले, “अगं, माझं तर पहिल्या झटक्यात जमलं होतं!”

वहिनी बोलिल्या, “हो भाऊजी, पण तो पहिला झटका चौथ्या वर्षी आला होता.”

आत्याबाईंची नजर भिंतीवरील ओल मोजणारे काट्यावर गेली. सकाळी एकेचाळीस होते, आता अडुसष्ट. इतक्यात काका फोन घ्यावयास बाहेर गेले, काटा दोन घरे उतरला. काका परतले, काटा चढला. बाळांनो, काचेवर तोंडाने हा करोन पाहा, म्हणजे गनीम कोण ते कळेल. अकरा नाके एके खोलीत फुंकत असता धारेने सुकावे कोठे?

गनीम सापडला, परंतु त्याचा सरदार साक्षात सरसाहेब, यंत्राचे काचेस नाक लावोन उभे. मांजराचे गळ्यात घंटा कोणी बांधावी? शेवटली सिरिंज हाती घेऊन आत्याबाईंनी छाती घट्ट केली.

“सर, तुम्ही सगळे जरा बाहेर थांबता का?”

“मीपण? मी काय केलं?”

“श्वास घेताय, सर.”

खोलीत जो तो श्वास रोखोन उभा राहिला.

“आणि तू गं?”

“मी कमी घेईन.”

सरसाहेब आपण प्रथम निघाले आणि फौज मागोमाग घेऊन गेले. आत्याबाईंनी एसी सोडिला, काटा बेचाळीसावर आणिला, मग एसी मिटोन सिरिंज लाविली, आणि दूरचे कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करोन दोन तास बसल्या. बाहेर सरसाहेब जातीने दारावर पहारा करीत होते. दादा डोकावो गेले, त्यांस खांद्यास धरोन मागे खेचिले.

साडेतीनास पांढऱ्या रुमालासारखी जाळी सुटोन आली. वहिनींनी सूक्ष्मदर्शकाखाली धरिली आणि ओरडल्या, “एक गाठ नाही गं बाई!” मग जाळी निर्जंतुक करोन, पाचास सात मिनिटे कमी असता पेशी मांडवावर चढविल्या.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. सरसाहेबांनी स्वहस्ते फर्मान लेहून दारावर डकविले: ‘यंत्र चालू असता आत एकच माणूस. मीही नाही.’ खाली सही, तारीख, शिक्का. फर्मान जारी आहे.