बोनोबोंचं बारसं

अमरावतीच्या नीलमनं सरांना पाठवायचा आवाजी मेसेज चुकून 'आपला परिवार' या ग्रुपवर टाकला, फोन चार्जिंगला लावला आणि ती आंघोळीला गेली.

मेसेज असा होता : "सर, डीएनएचा निकाल आला. श्यामचा बाप जानराव नाही, चंद्रभान आहे. चंद्रभानची आई सतत त्याच्या पाठीशी असते ना, म्हणून त्याचंच जमतं."

नीलम बोनोबोंवर पीएच.डी. करत होती. बोनोबो म्हणजे काँगोच्या जंगलातले, चिंपांझींचे भाऊबंद. परदेशातल्या एका प्राणिसंग्रहालयातल्या कळपाचे व्हिडिओ तिच्याकडे यायचे. त्यांची मूळ नावं जिभेवर बसेनात, म्हणून तिनं सरळ नातेवाइकांची नावं देऊन टाकली होती. सर या नावांना सरावले होते. नातेवाईक नव्हते.

ती बाहेर आली, तर वडील किसनराव फोन धरून खुर्चीत खिळलेले.

"पोरी, हे तुले कोनं सांगतलं?"

मेसेज ऐकून नीलम किंचाळली. "बाबा, हे माकडांबद्दल हाय!"

"जानरावले माकड म्हनतं? तुह्या आत्याचा नवरा हाय तो, जवाई आपला!"

तिनं घाईघाईनं मेसेज पुसला. लगेच चुलतबहीण पायलनं ग्रुपवर लिहिलं, "पुसून राहिली, म्हंजे खरंच असन." नीलमनं लांबलचक खुलासा टाकला. तो कोणी वाचला नाही. श्यामची आई शकुनआत्या नवऱ्याला, जानरावांना घेऊन अकोल्याहून निघालीसुद्धा होती.

दुपारी दोघं दारात. आत्या लालबुंद, जानराव पांढरेफटक.

"श्याम नाही आला?" किसनरावांनी विचारलं.

"आरशापुढून हालूनच नाही राहिला," जानराव म्हणाले.

मागोमाग वलगावहून जानरावांचा चुलतभाऊ चंद्रभान मोटरसायकलवर आला. हेल्मेट डोक्यावरच. ते काढायची त्याची हिंमत नव्हती.

"आईशपथ दादा, मले यातलं काईच मालूम नाही!"

"काहून, तुही माय उभी असते ना पाठीशी?" जानराव ओरडले.

नीलमनं लॅपटॉप मधे आणून ठेवला. पडद्यावर एक धिप्पाड मादी ऐसपैस बसून पपई खात होती. नर लांबून बघत होते.

"आत्या, हे तू. कळपाची मुख्य. तिनं खाल्ल्याशिवाय कोनी हात लावत नाही."

आत्यानं चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. चेहरा हळूहळू निवळला.

"बाई हुशार दिसते," ती म्हणाली.

"अन् मी?" जानराव पुढे सरकले.

"तो कोपऱ्यातला. टकला."

"अन् हा भांग पाडलेला पयलवान?"

"चंद्रभानकाका."

चंद्रभाननं हेल्मेट काढलं. "नीलम, याचा फोटो पाठवशीन काय? डीपीले ठेवतो."

मग जे भांडण पेटलं, त्यात श्यामचा विषय कोणाच्या ध्यानातही राहिला नाही. जानरावांचं म्हणणं एकच, टक्कल त्यांचं अर्धंच आहे. शेवटी आत्यानं "चूप बसा!" म्हटलं आणि दोघं गप्प झाले.

पाहुणे गेले. नीलमनं चहा केला. किसनरावांनी कपाला हात लावला नाही.

"काय झालं, बाबा?"

"काई नाही." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "सोयऱ्याधायऱ्याईले नावं देल्ली. चंद्रभानले देल्लं. सख्ख्या बापाचं नाव नाही आठोलं तुले?"

"बाबा, ते वानरं हायेत!"

"मले मालूम हाय." त्यांनी खुर्ची लॅपटॉपकडे ओढली. "पाय ना नीट. एखादा बारका तं उरला असन."