पास्कलसरांची रविवारची परीक्षा

आमच्या विद्यापीठात पीएचडी झालेल्या माणसाला नोकरीच्या मुलाखतीला जायचं असेल, तर आधी उत्तनच्या कोळीवाड्यात जाऊन बोंबलांसमोर बसावं लागतं. असा नियम कुठेही छापलेला नाही. तो पास्कलसरांचा आहे, आणि विद्यापीठाच्या नियमांना असतात तशा पळवाटा याला नाहीत.

पास्कलसर आमच्याकडच्या पोस्टडॉक मंडळींचा करिअर कक्ष सांभाळतात. पोस्टडॉक म्हणजे पीएचडी होऊनही पक्की नोकरी न लागलेली, वर्ष-दोन वर्षांच्या करारावर संशोधन करणारी जमात. नातेवाईक विचारतात, अजून शिकतेच आहेस का? आणि लॅबमधली मुलं मॅडम म्हणतात. यातलं खरं कुठलं ते आम्हालाही कळत नाही. सर आम्हाला सीव्ही लिहायला, मुलाखत द्यायला, चारचौघांत बोलायला शिकवतात. स्वतः मात्र चारचौघांत बोलताना छताच्या पंख्याकडे बघून बोलतात. पहिल्या कार्यशाळेत पंखा पडतोय की काय म्हणून आम्ही अर्धे लोक खुर्च्या घेऊन मागे सरकलो होतो.

त्यांचं आवडतं वाक्य एकच, “टोपलीवरचं फडकं काढ.” पिढ्यानपिढ्या मासळी विकलेल्या घरातला माणूस. माल झाकून ठेवलात तर गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे जाणार, असं त्यांचं म्हणणं. सीव्हीत ‘आमच्या गटाने अभ्यास केला’ असं दिसलं की ते पेन्सिल खाली ठेवतात. गटानं केला, मग तू काय चहा आणत होतीस? फडकं काढ. माझा जाडजूड सीव्ही त्यांनी असा सोलला, की शेवटी त्यात माझं नाव आणि दोन कामं उरली. ती दोनच माझी होती, हे मला मुकाट्यानं कबूल करावं लागलं.

माझा करार मार्चअखेर संपत होता. तो वाढणार नाही, असं गाइडनी सांगून टाकलं होतं. कोकणातल्या एका कॉलेजात मुलाखत होती आणि ती हुकली, तर भाईंदरला, नवघरच्या घरी बसून दहावीच्या शिकवण्या घेणं एवढंच हातात उरलं होतं. संशोधनाला रामराम. सर म्हणाले, रविवारी उत्तनला ये, चर्चमधली मिस्सा झाली की घरीच असतो.

परीक्षा अशी असते. सरांची आई अंगणात बसून ओले बोंबील जोडत असते. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी बांबूंना बांधलेल्या दोरीवर वाळायला टाकायची. हात इतके झरझर चालतात, की बघणाऱ्याला भोवळ यावी. आपण समोर पाटावर बसून आपलं संशोधन तिला सांगायचं. म्हातारीचा हात थांबला तर पास. चालूच राहिला तर पुढच्या रविवारी परत या. सर बाजूला, इस्त्रीचा शर्ट घालून, टाय लावून, त्या वासात परीक्षक म्हणून उभे.

मी खाडीच्या चिखलातल्या जिवाणूंवर काम करत होते. पहिल्या रविवारी चयापचय, विकरं असं बरंच बोलले. हात चालू. दुसऱ्या रविवारी सोपं करून सांगितलं, म्हणजे तेच जरा हळू बोलले. हात चालूच, शिवाय मी तिचं ऊन अडवत होते म्हणून तिनं मला सरकून बसायला सांगितलं.

मला रडूच आलं. सर मला समुद्राच्या बाजूला घेऊन गेले. इथे पंखा नाही, तर आता आभाळाकडे बघून उपदेश होणार, असं मला वाटलं. पण ते होड्यांकडे बघत राहिले.

“मी दर रविवारी तिच्यासमोर बसून आठवडाभराचं सांगतो,” ते म्हणाले. “पीएचडीचं सांगितलं, जपानला कामाला होतो तिथलं सांगितलं. माझ्यासाठी हात एकदा पण थांबला न्हाय. तुझे तर दोनच रविवार झालेत.”

हे त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं होतं. पण घरी येईपर्यंत मला त्यांचंच वाईट वाटत राहिलं. होडीवर जायचं सोडून शिकायला गेलेल्या मुलावर आई अजून नाराज आहे, असं हा माणूस इतकी वर्षं धरून चालला होता.

पुढच्या रविवारी मी पाटावर बसले आणि फडकं काढलं. म्हटलं, होड्यांचं तेल सांडतं ना, ते खाणारा एक बारीक जीव चिखलात असतो. तो मी शोधलाय.

हात थांबला. बोंबील हातातच राहिला.

“पावसात जाल्यांना दर्यातलं डांबर चिकटतंय, ते पन खाईल काय?”

मी म्हटलं, माहीत नाही, करून बघायला हवं. पुढे मुलाखतीत याच धर्तीचा प्रश्न आला, मी हेच उत्तर दिलं आणि नोकरी लागली. पण ते राहू दे.

सर इतके खूश झाले, की त्यांनी टायची गाठ सैल केली. मला भाईंदरला सोडतो म्हणत ते स्कूटर काढायला गल्लीत गेले. मी उठले, तर म्हातारीचे हात अजून थांबलेलेच. ती माझ्याकडे बघत नव्हती. सरांच्या पाठीकडे बघत होती, अगदी ते वळणाआड होईपर्यंत.

मला राहवलं नाही. सर समोर असताना का नाही असं बघत, मी विचारलं.

“समोर बघितलं का त्याची जीभ अडकते. ल्हान व्हता तवापासून,” ती म्हणाली. “मी काम करत ऱ्हाते, तो बोलत ऱ्हातो. सगलं आयकते मी. जपानला भात चिकट मिलतो, ते पन ठावं हाय.”

आणि तिनं पुढचा बोंबील उचलला.

स्कूटरवर मागे बसून मी हे सगळं सरांना सांगितलं. त्यांचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच मला सांगता आलं. स्कूटर हळू होत गेली आणि वाटेतल्या डोंगरीच्या बस स्टॉपवर थांबली.

“उतर,” सर म्हणाले. “तुला इथून बस मिळेल.”

मी उतरले. त्यांनी स्कूटर उत्तनकडे वळवली. बस यायला बराच वेळ लागला, पण मला इतकं बरं वाटत होतं, की ती आली नसती तरी चाललं असतं. सरांचं त्या आठवड्याचं आईला सांगायचं अजून राहिलं होतं.