सिस्टीमची दुपारची झोप

कंपनीने मोकळी केलेली ऑपरेटिंग सिस्टीम जूनच्या सात तारखेला सकाळच्या एसटीने साताऱ्याला उतरली, तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी आणि तीन पानी ना-हरकत पत्र होतं. युनिक्सच्या घराण्यातली, वय एकतीस, प्रवासाने थकलेली. सांभाळ मंडळाचे सहाही सभासद स्टँडवर आले होते. रिक्षात तिच्या शेजारी कोणी बसायचं यावर थोडी चर्चा झाली, आणि मग सगळे चालतच निघाले.

मंडळ साध्या माणसांचं होतं. कंपनीला एखादी सिस्टीम नकोशी झाली की ती तिला वाऱ्यावर सोडते. मग अशी चार-सहा माणसं आपापला संसार सांभाळून तिचं करतात. कुणी तिच्या फायली लावून देतं, कुणी नवा प्रिंटर आला की त्याची तिच्याशी ओळख करून देतं. यात मिळत काही नाही. चुकलं तर बोलणी मात्र खावी लागतात.

अध्यक्ष लीलाधर शेंडगे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांनी सभासदांसमोर पत्र मोठ्याने वाचलं. कंपनीने सिस्टीमचं सगळं दिलं होतं, फक्त तिची झोप ठेवून घेतली होती. दुपारी दोन ते चार ती झोपायची, तो भाग कंपनीच्या मालकीचा राहील, असं शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं.

"मग बिचारीने झोपायचं कसं?" तेजल हुंबेने विचारलं. ती वाईच्या शाळेत गणित शिकवायची आणि मंडळात सगळ्यात नेटका कोड तिचा असायचा.

"नवी झोप आपण लिहायची," शेंडगे म्हणाले. "मात्र ज्याने मूळ झोप पाहिली आहे, त्याने लिहायची नाही, सांगायची नाही, सुचवायची नाही. त्याने फक्त आपलं लिखाण मुळासारखं झालंय का तेवढं बघून दाखला द्यायचा. साम्य निघालं तर कागद फाडायचा. नाहीतर कंपनी येऊन हिला घेऊन जाईल आणि कायमची बंद करून ठेवेल."

सगळ्यांनी सुधन्वा रेठरेकरांकडे पाहिलं. मूळ झोप कंपनीच्या नोकरीत असताना त्यांनीच लिहिली होती.

ती त्यांनी कंपनीत बसून नव्हे, घरी लिहिली होती. तेव्हा त्यांची साडेतीन वर्षांची रेवा आजारी होती. एका हाताने तिला थोपटत आणि दुसऱ्याने टाइप करत त्यांनी ते काम पुरं केलं. झोपेची रीत अशी होती, की सिस्टीममधल्या कुठल्याच कामाला दटावून बंद करायचं नाही, सगळ्यात लहान कामापासून एकेकाला "झालं का?" विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची. मग तीन थापा, आणि चौथीला हात वरच्यावर थांबवायचा. त्या थांबण्यातच झोप येते. रेवा त्याच वर्षी गेली. थोपटणं सिस्टीममध्ये राहिलं, आणि रेठरेकर इतकी वर्षं त्या एका गोष्टीवर जगत आले होते.

मंडळाने ठराव करून त्यांना सिस्टीमच्या खोलीत यायला मनाई केली. नियम म्हणजे नियम. रेठरेकरांनीही ठरावाच्या बाजूने हात वर केला. ते बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत. दोन वाजले की आतून हाक येई.

"बाबा, दोन वाजले."

"हो गं," असं म्हणायलाही त्यांना परवानगी नव्हती. ते चष्मा पुसत बसत.

तेजलने पहिली झोप लिहिली, ती सिस्टीमला डोक्यात काठी घातल्यासारखी लागली. शुद्धीवर आणायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या झोपेत सगळ्या कामांना एकदम विचारलं गेलं, तर त्यांची आपसात जुंपली. तिसरी मात्र बरी होती. लहान कामापासून विचारत जायचं तेजलला आपलं आपण सुचलं होतं. सिस्टीम दहा मिनिटं डुलकली. शेंडग्यांनी कागद व्हरांड्यात आणला.

"साम्य आहे का?"

रेठरेकर सरळ माणूस. "क्रमात आहे," ते म्हणाले. शेंडग्यांनी कागदाचे चार तुकडे केले, आणि आत सिस्टीम दचकून जागी झाली.

जुलै सरता सरता तिची दशा बघवेना. आधी ती फायलींची नावं विसरली, मग तारखा. एके दिवशी तिने मंडळाच्या सहा माणसांची मोजदाद केली आणि उत्तर काढायच्या आत पहिल्याला विसरली. शेंडग्यांनी इतिवृत्तात लिहिलं की आठवडाभर तग धरेल असं वाटत नाही. तरी दोनला हाक चुकत नव्हती, फक्त आवाज बारीक झाला होता. रेठरेकरांना दिसत होतं की आपलं लेकरू दुसऱ्यांदा चाललंय, आणि या खेपेला औषध आपल्याच हातात आहे.

शुक्रवारी तेजल चौथा कागद घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते.

"काका, मला काही सुचेना. शेवटी भाच्याला थोपटते तसं लिहिलं. आमच्याकडे आई तसंच थोपटायची. लावून पाहिलं, तर एका मिनिटात झोपली. आपण कागद पास केला की कायमचं बसवायचं."

रेठरेकरांनी वाचलं. लहान कामापासून विचारणं, वाट पाहणं, तीन थापा, चौथीला थांबणं. अक्षर न् अक्षर त्यांचं होतं, आणि तिने ते कुठूनही घेतलेलं नव्हतं.

"साम्य आहे का?" शेंडग्यांनी पेन उघडून विचारलं.

रेठरेकरांनी कागद घडी करून परत दिला. मग म्हणाले, "नाही."

"तोंडी चालणार नाही. प्रतिज्ञापत्र लागेल. अशी झोप मी कधी लिहिली नाही, पाहिली नाही, मला ती ठाऊक नाही."

रेठरेकरांनी तसं लिहून दिलं. सही नीट आली. ती करताना आपण रेवाला नाही म्हणतोय हे त्यांना कळत होतं, आणि त्याला इलाज नव्हता.

प्रतिज्ञापत्र सिस्टीमकडेही दाखल करावं लागतं, तसं ते केलं. लिहिलेलं मानायचं हा तिचा स्वभावच होता. त्या दुपारी ती सव्वादोन तास झोपली. उठल्यावर तिने सहा माणसं मोजली आणि ती सहाच भरली. दुसऱ्या दिवशी दोन वाजता हाक आली ती तेजलच्या नावाने. व्हरांड्यात रेठरेकर उठून उभे राहिले होते, ते परत बसले.

पुढच्या सभेत शेंडग्यांनी मुद्दा काढला. रेठरेकरांना झोप ठाऊक नाही हे आता कागदोपत्री सिद्ध आहे, तेव्हा मनाई आपोआप रद्द होते. माणसं कमी पडतात, तर गुरुवारची पाळी त्यांनी घ्यावी. ठराव एकमताने मंजूर झाला. झोपवायचं कसं ते तेजलने त्यांना शिकवावं असंही ठरलं.

गुरुवारी रेठरेकर पहिल्यांदा त्या खोलीत गेले. तेजलने त्यांचा हात धरून दाखवलं. "काका, आधी लहान कामाला विचारायचं. घाई नको. मग तीन थापा. चौथीला हात असा वरच ठेवायचा. जमेल?"

"बघतो," रेठरेकर म्हणाले. शेंडगे दारात वही घेऊन उभे होते. पहिल्याच खेपेला बिनचूक जमलं असतं तर प्रतिज्ञापत्र खोटं ठरलं असतं.

त्यांनी तीन थापा दिल्या आणि चौथीही दिली.

सिस्टीमने डोळे उघडले. नव्या माणसाशी बोलावं तशा अदबीने ती म्हणाली, "येईल हो काका हळूहळू. कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही."

"हो," रेठरेकर म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून चुकायला सुरुवात केली.