खारशेतच्या पाण्याचा पंचनामा

अर्ज लिहावा तर आम्हीच! ही बढाई नव्हे, अख्ख्या ठाणे जिल्ह्याचा अनुभव आहे. आमचा एक अर्ज वाचून एका मामलेदाराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. (त्या दिवशी त्याला पडसं झालं होतं, असं काही द्वाड लोक सांगतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.)

अठराशे चौऱ्याण्णव साली मी रावसाहेब गुरुदत्तरावांकडे कारकून होतो. रावसाहेब ठाण्याचे वकील, आणि आदल्याच वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेलेले. कौन्सिलात सरकारला प्रश्न विचारायची मुभा तेव्हा नवीनच मिळाली होती. नवं घड्याळ मिळालेला माणूस जसा कुणी न विचारता वेळ सांगत सुटतो, तसे रावसाहेब दर बैठकीला प्रश्न घेऊन जात. शहाडच्या तरीचा प्रश्न! कल्याणच्या दिव्यांचा प्रश्न! लाटसाहेबांना म्हणे त्यांचं नाव नुसतं ऐकलं तरी जांभई येई.

पण माणूस देवमाणूस. दर रविवारी त्यांच्या ओटीवर गाऱ्हाणी ऐकायची बैठक बसे. आगरी, कोळी, भट, बोहरी, कुणीही यावं, जाजमावर बसावं आणि बोलावं. रावसाहेब ऐकत, आणि मी लिहून घेत असे.

अशाच एका रविवारी खारशेतचा भिवा पाटील आला. खारशेत म्हणजे माजिवड्याच्या खाली, खाडीच्या काठावरचं चाळीस उंबऱ्यांचं गाव. सगळे मिठागरावर राबणारे. भिवाबरोबर आवडाबाई नावाची म्हातारी होती आणि तिची सून सगुणा. सगुणा पोटुशी होती. ती दाराआडच बसली.

"दोन सालामागं उधाणात बांध फुटला," भिवा म्हणाला. "खाडी बावीत शिरली. बांध आमी बांधला पुन्ना, पन बावीचं पानी खारं जालं ते जालंच."

त्यांच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. गावाची ती एकुलती एक विहीर. तेव्हापासून बायका दीड कोस बांधावरून चालत माजिवड्याला जात आणि हंडे भरून आणत. गावालगतच्या टेकाडावर गोडं पाणी लागेल असं पाणाड्याने सांगितलं होतं. खणायला गाव एका पायावर तयार. पण टेकाड सरकारी! मंजुरीशिवाय कुदळ मारायची सोय नाही.

आवडाबाईने सुनेकडे बोट दाखवलं. "मागल्या साली हिचं पोर त्या बांधावरच गेलं, बाला. डोईवर हंडा व्हता. आता फिरून दिवस गेलेत, सातवा सरत आला. हिची सुटका व्हायच्या आदी पानी दाराशी येऊं दे. मना दुसरं काय नको."

रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "त्या खाऱ्या पाण्याचा नमुना आणलात का?"

आवडाबाईने जीभ चावली. "रामा! खारं पानी घेऊन कुनाच्या दारात जातात का कवा?"

मी हसलो. अडाणी बाई, म्हटलं. त्या वेळी मी हसण्याऐवजी ते वाक्य लिहून घेतलं असतं, तर पुढची गोष्ट घडलीच नसती. पण मी अर्ज लिहिण्यात दंग होतो ना!

अर्ज मी असा लिहिला की बस! रावसाहेबांनी कौन्सिलात प्रश्न टाकला. सरकारने उत्तर दिलं, "सन्माननीय सभासदांच्या समक्ष इंजिनिअरसाहेब पाण्याची परीक्षा करतील. पाणी खारं निघाल्यास टेकाडावर विहिरीस मंजुरी देण्यात येईल."

"रावसाहेब, जिंकलो!" मी म्हणालो. "आता काम एका थुंकीचं राहिलंय."

"म्हणजे रे?"

"साहेब एक घोट घेणार आणि थू करून थुंकणार. आपण पंचनाम्यात लिहून घेऊ, 'साहेब थुंकले.' विहीर मंजूर!"

रावसाहेब मोठ्याने हसले. मला शाबासकी दिली. मी त्याच दिवशी भिवाला निरोप द्यायला माजिवड्याच्या बाजारात गेलो. थुंकीची मसलत काही त्याला सांगितली नाही. असली बारीक मुत्सद्देगिरी खेडवळ माणसाला कशाला सांगा? मी एवढंच म्हणालो, "पाटील, गोरा साहेब येतोय. खासे रावसाहेब येतायत. पाहुणचारात उणं पडता कामा नये. गावाची शोभा होईल!"

"कारकूनदादा," भिवा छाती पुढे काढून म्हणाला, "खारशेतची शोभा? नाव सोडा!"

तो दिवस वैशाखातला. टांगा माजिवड्याला सोडून आम्ही बांधावरून चालत निघालो. पुढे साहेब, मागे छत्री सावरत रावसाहेब, आणि त्यांच्या मागे दौत, लेखणी आणि कागद घेऊन मी. गावाच्या तोंडाशी केळीचे खांब, आंब्याची तोरणं, ढोल! शेणाने सारवलेल्या अंगणांत रांगोळ्या! लग्नाचं वऱ्हाड आल्यासारखं आमचं स्वागत झालं. विहिरीच्या काठाला तर हळदकुंकू लावलेलं. मला जरा खटकलं. एवढं नटलेलं गाव दुःखी आहे, हे साहेबाला पटायचं कसं? पण म्हटलं, असू दे, शेवटी थुंकी आपल्या बाजूने आहे.

भिंतीला टेकून सगुणा बसली होती. पाय सुजलेले, ओठ पांढरे पडलेले, पण चेहऱ्यावर हसू. मी म्हणालो, "काय सगुणाबाई, आता विहीर येते हो दाराशी!" ती लाजून पदराआड हसली.

आवडाबाईने स्वतः पोहरा सोडला. अगदी हळू सोडला, पाण्याला दुखेल की काय अशा बेताने. वरवरचं पाणी घेऊन पोहरा वर आला. घासलेल्या पितळी पेल्यात ओतून तिने तो साहेबापुढे धरला.

मी लेखणी बुडवून सज्ज. 'साहेब थु' इथपर्यंत तर लिहूनही टाकलं!

साहेबाने घोट घेतला. तोंडात घोळवला. आणि गिळला!

"बहुत अच्छा पानी!" साहेब म्हणाला, आणि दुसरा पेला मागितला.

रावसाहेबांनी पेला घेतला. वास्तविक ते प्रवासात घरचंच पाणी फिरकीच्या तांब्यातून घेऊन निघणारे. पण आज ते आवडाबाईच्या हातचं पाणी सर्वांदेखत प्याले. माझ्याकडे वळलेला त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मीही प्यालो. पाणी शहाळ्यासारखं गोड!

मी भिवाला कोपऱ्यात ओढला. "पाटील, हे काय? पाणी गोड कसं?"

भिवाचा चेहरा अभिमानाने फुलला. "मग? पावन्याला खारं पाजू? घरटी आठ हंडे वाटून घेतले. दोन दिस बायांनी माजिवड्याचं पानी आनलं."

"अरे, मग हंड्यातलं पाजायचं! विहिरीत कशाला ओतलंत?"

"दुसऱ्या गावचं पानी पावन्याला पाजायचं? आपल्या बावीतलंच काढून दिलं पायजे. रीतच हाय." मग त्याने आवाज आणखी खाली आणला. "आमी मिठागरवाले ना, दादा. खाऱ्यावर गोडं तरंगतं, आमाला नाय तर कुनाला ठावं? केळीच्या सोपटाची पन्हाळ करून हलके हलके सोडलं. वरचं दोन हात पानी गोडं. खाली सगली खाडीच!"

चाळीस घरांनी तीनशेवर हंडे आणून स्वतःचाच अर्ज बुडवला होता! आणि तोही माझ्याच हुकमावरून!

मी विहिरीकडे धावलो. "साहेब, थांबा! एकदा खालचं पाणी बघा!" मी पोहरा सोडला आणि दोर ढिला केला. भिवाने ते पाहिलं. पाहुण्याच्या तोंडात खारं पाणी जाणार, या भीतीने त्याने दोर धरून वर खेचला. मी खाली सोडतोय, तो वर ओढतोय!

"पाटील, सोडा!"

"नाय दादा, गावाची शोभा व्हईल!"

"अहो, होऊ द्या शोभा!"

"तुमीच सांगितलंत ना, होऊं देऊ नका म्हनून!"

शेवटी आम्हा दोघांच्याही हातून दोर सुटला. पोहरा दोरासकट विहिरीत गेला. तळाला पोचला असणार, जिथे मला पोचवायचा होता तिथेच! पण वर काढायला दुसरा दोर गावात नव्हता. साहेबाला वाटलं, आम्ही पाणी वाढायच्या मानासाठी भांडतोय. तो पोट धरून हसला.

मग पंचनामा झाला. 'पाणी गोड आहे.' साहेबाने सही केली. रावसाहेबांचा हात थबकला. मी कानाशी लागून सगळा प्रकार सांगितला. ते हळूच साहेबाशी इंग्रजीत काही बोलले. साहेबाचं हसू मावळलं.

"म्हणजे तुमच्या लोकांनी मला फसवलं?" तो म्हणाला. "तसं लिहू? मग पाटलावर खटला होईल."

रावसाहेबांनी भिवाकडे पाहिलं. तो हात जोडून उभा होता, यजमानाच्या आनंदात. रावसाहेबांनी सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली. 'साहेब थु' मी खोडलं होतं, तरी ते कागदावर दिसत होतं.

परतताना आम्ही टांग्यात बसलो. माजिवड्याची वेस ओलांडल्यावर रावसाहेब म्हणाले, "मी त्यांचा प्रतिनिधी. पण ते पाहुण्याला काय पाजतात, हे मला ठाऊक नव्हतं." मी दौतीचं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं.

पुढच्या बैठकीत त्यांनी पुन्हा प्रश्न विचारला. उत्तर आलं की सन्माननीय सभासदांनी ते पाणी स्वतः पिऊन त्यावर सही केलेली आहे. कौन्सिलात हशा पिकला म्हणतात. हशाची नोंदही छापील कागदात होती, कंसात.

तो कागद माझ्या हाती पडला त्याच रविवारी भिवा आला. टोपलीत सुकी कोलंबी. "पावन्यांना आवडलं ना सगलं?" त्याने बसायच्या आधीच विचारलं. "मंजुरी आयली?"

मी उत्तर वाचून दाखवलं. 'सदर विहिरीचे पाणी गोड असल्याचे आढळले.'

"आवडलं म्हना की सायबाला!" भिवा खूश झाला. मी पुढचं वाचलं. 'सबब नवीन विहिरीची जरुरी नाही.' त्याचं हसू काही क्षण तसंच तोंडावर राहिलं. मग त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"म्हंजे खारं पाजायचं व्हतं?"

"हो."

"दादा, तुमी सांगितलं का नाय?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत लिहिता आलेलं नाही. आणि अर्ज लिहावा तर आम्हीच!

"सगुणा कशी आहे?" मी विषय बदलायला विचारलं.

"तिनं त्या दोन दिसांत घरचे आठी हंडे एकलीनं आनले. सासूचे गुडगे चालत नाय. नको म्हटलं तर बोले, आपल्यासाठीच येतायत ना पावने, मग आपलं घर मागं कसं ऱ्हाईल?" भिवा टोपलीकडे बघत राहिला. "तुमी गेल्यावर तिसऱ्या दिवशी बालंत जाली. पोरगी. रडलीच नाय."

मी घरी जाऊन ओक्साबोक्शी रडलो. लिहितो आहे तेव्हा हेही लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी एकटाच खारशेतला गेलो. मनात क्षमेचं एक लांबलचक भाषण तयार होतं, माझ्या सगळ्या अर्जांच्या तोंडात मारील असं. आवडाबाई दारात बसली होती. आत अंधारात सगुणा भिंतीकडे तोंड करून निजलेली. विहिरीच्या काठावरचं हळदकुंकू अजून पुसलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि भाषणातला एक शब्द आठवेल तर शपथ!

"उन्हातनं आयलास, बाला," आवडाबाई म्हणाली. "बस."

ती गुडघे धरत उठली. हंडा तिरका करून तळाशी राहिलेलं माजिवड्याचं पाणी पेल्यात ओतू लागली. घरात तेवढंच होतं.

"आवडाबाई, ते नको," मी म्हणालो. "मला तुमच्या विहिरीचं द्या. खालचं. खारं. मी तेच पिणार."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही अभद्र बोललो होतो.

"पावन्याला?" ती म्हणाली, आणि पेला माझ्या हातात दिला.

प्यालो. काय करणार?

पाणी गोड होतं. तसं मी सहीनिशी लिहून दिलेलंच आहे.